घाटाची सायकल, तेव्हाची आणि आताची

सायकलवरून महाबळेश्वर चढून आंबेनळी घाटाने कोकणात उतरायचं, असं आज कुणी ठरवलं की पहिला प्रश्न येतो, कोणती सायकल घेऊ? ऐंशीच्या दशकात पुण्यात हा प्रश्न कुणाच्या मनात येत नसे. घरात असेल ती सायकल. वडिलांची असेल तर त्यांना दोन-चार दिवस कचेरीत चालत किंवा बसने जायला लागायचं आणि त्यासाठी आईची रदबदली लागायची. अ‍ॅटलस, हीरो, हर्क्युलस, रॅले, नावं वेगळी असली तरी मूर्ती तीच. काळा रंग, चोवीस इंची फ्रेम, अठ्ठावीस इंची चाकं, रॉडचे ब्रेक, चेनकव्हर, मागे कॅरिअर. वजन वीस किलोच्या पुढे. निवड एकच, बावीस इंची की चोवीस इंची, आणि तीही सीटवर बसल्यावर पाय टेकतो का यावर ठरायची.

आता माझ्या भाच्याच्या वयाची मुलं घाटाच्या मोहिमेआधी महिनाभर तयारी करतात, ती बघताना मला मनापासून आनंद होतो. फ्रेम कोणत्या मापाची, दात्यांचं गुणोत्तर काय, टायर अठ्ठावीस मिलिमीटरचा की बत्तीसचा, डिस्क ब्रेक यांत्रिक की तेलाचे, सामान कॅरिअरवर की फ्रेमला बांधायच्या पिशव्यांत. यातला प्रत्येक प्रश्न खरा आहे, कारण घाट तोच आहे. वाई ते पाचगणी साधारण १२ किलोमीटरचा पसरणी घाट तेव्हाही साडेपाचशे मीटरच्या आसपास वर नेत असे आणि आजही नेतो. बदललं ते आपल्या पायाखालचं यंत्र. आणि त्यात सगळ्यांत मोठा बदल कोणता विचाराल तर मी क्षणाचाही विचार न करता सांगेन, गिअर.

काळ्या सायकलीला पुढे चव्वेचाळीस ते अठ्ठेचाळीस दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला अठरा. पायडलचा एक फेरा मारला की सायकल जवळजवळ साडेपाच मीटर पुढे. सपाट लक्ष्मी रस्त्यावर हे झकास. पण पसरणीच्या सरासरी पाच टक्के चढावर एका फेऱ्यात स्वतःला, सायकलला आणि कॅरिअरवरच्या वळकटीला सत्तावीस सेंटिमीटर उचलायचं. ताशी आठ किलोमीटर गतीने चढायचं म्हटलं तर मिनिटाला जेमतेम पंचवीस फेरे होतात, म्हणजे प्रत्येक पायडलवर उभं राहून सगळा भार टाकायचा, हँडल दोन्ही हातांनी ओढायचं आणि पुढचं वळण येईपर्यंत दम धरायचा. आज घाटासाठी पुढे चौतीस आणि मागे चौतीस दाते मिळतात. एका फेऱ्यात सायकल सव्वादोन मीटरसुद्धा जात नाही, उचल दहा-अकरा सेंटिमीटरची. त्याच आठ किलोमीटर गतीला मिनिटाला साठाच्या वर फेरे बसतात. हिशेब केला तर पसरणी चढायला तेव्हा सुमारे बावीसशे वेळा पाय फिरवावे लागत, आता साडेपाच हजारांच्या वर लागतात. एकूण काम तेवढंच, पण आता ते लहान लहान घासांत वाटलेलं असतं. तेव्हा वर पोचल्यावर गुडघे दुखायचे, आता दम लागतो. दम दहा मिनिटांत परत येतो, गुडघा येत नाही. घाटासाठी एकच गोष्ट नीट निवडायची असेल तर ती मागची सगळ्यांत मोठी चकती, असं माझं ठाम मत आहे.

जुन्या सायकलस्वारांत अजून काही जण म्हणतात की गिअर ही नाजूक माणसांची सोय आहे. त्यांना मी फ्रान्सची आठवण करून देतो. तूर द फ्रान्समध्ये व्यावसायिक स्पर्धकांना चेन सरकवणारा गिअर वापरायची मुभा १९३७ साली मिळाली. तोपर्यंत आल्प्स आणि पिरेनीजच्या पायथ्याशी उतरून, मागचं चाक काढून उलटं बसवायचं, म्हणजे दुसऱ्या बाजूची चढाची चकती चेनखाली यायची, असा प्रकार चालायचा. संयोजक आंरी देग्रांज यांचा गिअरला वर्षानुवर्षं विरोध होता. आणि चाक झटकन काढता यावं म्हणून एका खटक्याने उघडणारा एक्सल इटलीच्या तुल्लिओ काम्पान्योलो यांनी १९३० मध्ये पेटंट करून घेतला. आज सायकल गाडीच्या डिकीत घालताना ज्या खटक्याने आपण चाक काढतो, तो त्या डोंगरातल्या थंडीत गारठलेल्या बोटांतून आलेला आहे.

आमच्या वेळी गिअर नव्हता त्याचा एक फायदा मात्र झाला. सायकल ढकलत चालण्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. खंबाटकीत निम्मा घाट चालायचा हे गृहीतच असायचं. चालताना करवंदं दिसायची, पायाला वेगळा व्यायाम मिळायचा, मागे राहिलेला गडी येऊन मिळायचा. काही धाडसी पोरं मात्र धापा टाकत चढणाऱ्या ट्रकच्या मागची साखळी धरून वर जात. ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाटात पहिल्या येणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळायचा आणि आमच्यातल्या प्रत्येकाला तो आपल्या आवाक्यातला वाटायचा. तो किताब मिळवणाऱ्यांच्या सायकली वेगळ्या असतात, हे शर्यत जवळून पाहिल्यावर कळलं.

चढाइतकाच उतारही निवडीचा विषय आहे. लोक तो विसरतात. महाबळेश्वर ते पोलादपूर ४० किलोमीटर, आणि तेवढ्यात जवळजवळ तेराशे मीटर खाली. रॉड ब्रेकचं रबर चाकाच्या पोलादी रिमवर आतून घासतं. कोरड्या रस्त्यावर ठीक. पण आंबेनळीत धुकं उतरलं किंवा श्रावणसर आली की ओल्या पोलादावर रबर नुसतं सरकत राही आणि सायकल थांबायला कित्येक पट अंतर लागे. मग चपलेचा तळवा मागच्या टायरला लावायचा, जागोजाग थांबायचं, रिमला हात लावून पाहायचा. सतत ब्रेक लावून रिम इतकी तापे की ट्यूबवरचा पॅच सैल पडून हवा निघून जाई. प्रतापगडाच्या फाट्यावर सायकली उलट्या करून पंक्चर काढत बसलेली टोळकी त्या काळी नेहमी दिसत. आजच्या डिस्क ब्रेकला पाऊस फारसा जाणवत नाही आणि उष्णता टायरपासून लांब, हबजवळच्या चकतीवर राहते. दोन बोटांनी ब्रेक लागतो, बाकीची बोटं हँडलवर घट्ट राहतात. ज्यांनी पावसात रॉड ब्रेकवर घाट उतरला आहे त्यांना हे सुख किती मोठं आहे ते वेगळं सांगायला नको.

हेल्मेट तर तेव्हा कल्पनेतही नव्हतं. डोक्याला रुमाल किंवा टोपी. यात स्मरणरंजनाला जागाच नाही. घाटात हेल्मेट हवंच, आणि एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी टाकून द्यायला हवं, कारण आतला फोम एकदाच दबून डोक्याचा मार खातो.

दिव्याची गोष्ट मात्र मला आवडीने सांगावीशी वाटते. पुण्यात रात्री बिनदिव्याची सायकल म्हणजे पोलिसांच्या शिटीला आमंत्रण, त्यामुळे डायनामो बऱ्याच सायकलींना असे. बाटलीसारखा तो डायनामो टायरला टेकवला की चाक जड व्हायचं आणि दिवा गतीवर अवलंबून राहायचा. म्हणजे चढावर, जिथे गती माणसाच्या चालण्याएवढी, तिथे दिव्याची नुसती लाल तार दिसायची. उतारावर तोच दिवा लखलखायचा आणि फार जोरात गेलं की बल्बच उडायचा. म्हणून सोबत दोन-तीन सेलची बॅटरी, आणि ती हँडलला जुन्या ट्यूबच्या पट्टीने बांधलेली. आता मुठीएवढा एलईडी दिवा अख्खं वळण उजळतो. पण तो चार्ज करावा लागतो, आणि फोन, गिअर, रस्ता दाखवणारं यंत्र, सगळीच विजेला भुकेली. गंमत म्हणजे लांब पल्ल्याचे कित्येक सायकलस्वार पुन्हा डायनामोकडे वळले आहेत. फक्त तो आता पुढच्या चाकाच्या हबमध्ये बसतो, चाक जड करत नाही म्हटलं तरी चालेल, आणि हळू चालवतानाही पुरेसा उजेड देतो.

असं परतून येणं बऱ्याच बाबतीत दिसतं. आमचे टायर दीड इंच रुंद, म्हणजे सुमारे चाळीस मिलिमीटर. मधल्या काळात शर्यतींच्या प्रभावाने तेवीस मिलिमीटरचे सुतळीसारखे टायर आले, ते दगडासारखे कडक फुगवायचे, कारण बारीक टायर वेगवान असं सगळे मानत. आता मोजमापांतून कळलं आहे की खडबडीत रस्त्यावर किंचित रुंद आणि किंचित मऊ टायर ऊर्जा वाचवतो, कारण खड्ड्याचा धक्का माणसाला वर उडवण्याऐवजी टायरच गिळतो. आपल्या घाटांतले पावसाळ्यानंतरचे रस्ते पाहता मी तर बत्तीसच्या खाली कुणाला जाऊ देणार नाही. फ्रेममध्ये त्याहून रुंद बसत असेल तर उत्तमच. आणि चामड्याची सीट! इंग्लंडची ब्रुक्स कंपनी १८६६ पासूनची, तिच्या चामड्याच्या सीट आजही लांब पल्ल्याचे लोक हौसेने बसवतात. आमच्या काळ्या सायकलींवरचं स्प्रिंगवालं चामडं वडिलांच्या बसण्याला घडलेलं असायचं, त्यामुळे मुलाला ते टोचायचंच. स्वतःच्या हाडांना रुळलेली सीट हीच चांगली सीट, मग ती चामड्याची असो की पोकळी ठेवलेली आधुनिक. नवी सीट बसवून दुसऱ्या दिवशी घाटाला निघू नये एवढंच.

सामानाबद्दल काय सांगू! तेव्हा सामान निवडायचं नव्हतं, बांधायचं होतं. सतरंजी, चादर, एक जोडी कपडे, डकबॅकचा रेनकोट, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे. सगळ्याची वळकटी कॅरिअरवर ठेवायची आणि फाटलेल्या ट्यूबच्या लांब पट्ट्यांनी आवळायची. त्या रबरी पट्टीएवढा विश्वासू दोर मी अजून पाहिलेला नाही. मुक्काम देवळात, शाळेच्या व्हरांड्यात, नाहीतर एसटी स्टँडवर. सामान कमी होतं कारण घरातच कमी होतं, आणि कॅरिअर खचल्यावर काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं. आता फ्रेमच्या मापाच्या, पाणी न शिरणाऱ्या पिशव्या मिळतात, वजन पुढे-मागे-मध्ये वाटून लावता येतं आणि त्यामुळे उतारावर सायकल डुलत नाही. हे उत्तम आहे. पण पिशवी जेवढी मोठी घ्याल तेवढी ती भरते. चढावर प्रत्येक किलो आपणच उचलत असतो, त्यामुळे हजारभर ग्रॅम हलकी सायकल घ्यायला भरमसाट पैसे मोजण्याआधी पिशवीतला दुसरा टॉवेल काढावा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

मुली फार थोड्या यायच्या. लेडीज सायकल, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, आणि घरून परवानगी मिळवण्यात अर्धी ताकद खर्च झालेली. चेनकव्हर त्यांच्यासाठी शोभेचं नव्हतं, ओढणी वाचवण्यासाठी होतं. आज पॅडची चड्डी, घाम ओढून घेणारी जर्सी, स्वतःच्या उंचीची फ्रेम घेऊन बायका दोनशे-तीनशे किलोमीटरच्या फेऱ्या पुऱ्या करतात. हे पाहायला आमच्या वेळच्या त्या दोघी-तिघी हव्या होत्या असं वाटत राहतं.

या फेऱ्यांमुळे, म्हणजे ब्रेव्हेंमुळे, साधनांबद्दलची समज आपल्याकडे खूप वाढली. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर चाळीस तासांत, वाटेत बाहेरची मदत नाही, रात्री पुढे-मागे दिवा आणि अंगावर चमकणारं जाकीट सक्तीचं. पुण्याहून सुटणाऱ्यांना घाट चुकत नाही. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघात पूर्ण केली, आणि २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने पूर्ण केली, तेव्हा गल्लीतली पोरंही गिअरच्या दात्यांवर बोलायला लागली. १९२३ मध्ये मुंबईहून सायकलवर निघून १९२८ मध्ये जग फिरून परतलेल्या अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या पारशी तरुणांची नावं मात्र यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतात. ती ठाऊक असायला हवीत. पर्वत आणि वाळवंटं त्यांनी आजचं काहीही हाताशी नसताना ओलांडली.

आता ज्या गोष्टीत मला जुना काळ खरोखर पुढे वाटतो तिच्याकडे येतो. निघण्याच्या आठवडाभर आधी सायकल ‘ओव्हरऑइल’ला जायची. आमच्या पेठेतले दुकानवाले काका ती स्वतः करून देत नसत. सायकल उलटी करून देत आणि म्हणत, ‘‘खोल. मी बघतो.’’ हबमधले छर्रे रॉकेलच्या वाटीत धुवायचे, झिजलेले बदलायचे, ग्रीस भरायचं. कॉटर पिन ठोकून घट्ट करायची, कारण चढावर उभं राहून पायडल मारलं की पहिली सैल तीच होते. चाक फिरवून खडूने आउट शोधायचा, आणि निपल पाव पाव फेरा फिरवत तो काढायचा. पंक्चरसाठी घमेल्यात पाणी, ट्यूब घासायला कानस, सोल्युशन लावून वाळेपर्यंत वाट पाहायची, मग पॅच. टायर काढायला लिव्हर नसेल तर घरातला चमचा. दोन-तीन दिवस हे झालं की सायकलीचा प्रत्येक आवाज ओळखीचा व्हायचा. रस्त्यावर टक्‌ असं ऐकू आलं की कॉटर, किर्र झालं की छर्रा फुटला, हे न थांबता कळायचं. आणि काही तुटलंच तर पुढच्या गावात तो भाग मिळायचाच, कारण सगळ्या गावांत तीच सायकल होती. शिरवळला, सुरूरला, पोलादपूरला, खेडला, कुठेही झाडाखाली पेटी मांडून बसलेला मिस्त्री असायचा.

तो मिस्त्री आता नाही. आहे तो मोटारसायकलचं पंक्चर काढतो. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० च्या ३ जूनला, नेमका जागतिक सायकल दिनालाच, बंद पडला, आणि खेड्यांतून त्या काळ्या सायकलींचे सुटे भाग त्याच्या कितीतरी आधीपासून कमी होत गेले. आजच्या सायकलीची बारीक तोंडाची व्हॉल्व्ह त्या मिस्त्रीच्या कॉम्प्रेसरला बसत नाही. त्यासाठी चिमटीएवढा पितळी जोड मिळतो, किंमत अगदी किरकोळ, आणि तो नसेल तर हजारो रुपयांची सायकल फाट्यावर उभी राहते. तेलाच्या ब्रेकमध्ये हवा शिरली तर पोलादपूरला ती काढणारा कुणी भेटत नाही. म्हणून दूरच्या डोंगरी वाटांसाठी मी तारेवर चालणारे यांत्रिक डिस्क ब्रेक सुचवतो. ओढीला थोडे कमी, पण एक तार आणि एक पाना असला की रस्त्यातच पूर्ववत होतात. मनाली-लेहला तर हा विचार करावाच लागतो. तांडीच्या पेट्रोल पंपावर पाटी असते की पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. सायकलचं दुकान तर त्या टप्प्यात विचारूच नका. तिथे पाच हजार मीटरच्या वरच्या खिंडी सामानासह चढायच्या असतात, तेव्हा पुढच्या चकतीचे दाते मागच्या सर्वांत मोठ्या चकतीपेक्षा कमी असावेत, आणि पिशवीत दोन ट्यूब, पॅच, चेनची जोडकडी, ब्रेकचे पॅड, थोड्या जास्तीच्या तारा आणि मागचा गिअर जिथे टांगला जातो तो छोटा पत्रा असावा. सायकल आडवी पडली की पहिला वाकतो तो हा पत्रा, आणि प्रत्येक फ्रेमला तो वेगळा लागतो.

म्हणजे पूर्वी सायकल साधी होती आणि मदत वाटेवर होती. आता सायकल कितीतरी चांगली आहे आणि मदत बरोबर न्यावी लागते. कुणाला जुनी यंत्रं डोळ्यांनी पाहायची असतील तर पुण्यात कर्वेनगरमधलं विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय जरूर पाहा. रॉड ब्रेक कसा ओढला जातो ते तिथे उभं राहून पाहिलं की आंबेनळीच्या उताराबद्दल मी काय म्हणतो ते लक्षात येईल.

पावसाळा संपून रस्ते कोरडे झाले की यंदाही पुष्कळ जण पसरणीकडे निघतील. निघण्याआधी एका रविवारी सायकल उलटी करा, मागचं चाक स्वतः काढा, टायर उतरवा, ट्यूब बदला, हवा भरा, चाक परत बसवा आणि गिअर नीट लागतो का पाहा. मग सगळं सामान बांधून जुना कात्रज घाट एकदा चढून-उतरून या. त्यात जे टोचेल, डुलेल, वाजेल किंवा जड वाटेल ते बदला. महाबळेश्वरची तारीख त्यानंतर ठरवा.